त्रेसष्टावी प्रत, दोनदा

दातांच्या डॉक्टरकडे आपली पाळी यायची वाट बघत ताई बसली होती, आणि समोरच्या भिंतीवर तिच्याच हातची मोटरसायकल लटकत होती. वळणावर पार आडवी झालेली, लाल टाकीची शर्यतीची गाडी. स्वाराचा गुडघा रस्त्याला टेकायच्या बेतात. तिला आधी बरंच वाटलं. तीस वर्षं ती हाताने चित्रं छापत होती, पण आपलं काम असं परक्या भिंतीवर क्वचितच भेटायचं. ती उठून जवळ गेली. खाली पेन्सिलीने चित्रकाराची सही आणि आकडा: ६३/१००.

शंभरांतली त्रेसष्टावी प्रत तर तिच्या घरात होती. छपाई संपली तेव्हा या प्रती विकणाऱ्या गॅलरीवाल्यानेच ती तिला भेट दिली होती.

तिने मान वाकडी करून काचेआडून पाहिलं. तिने सात रंग सात वेळा, एकावर एक चढवले होते. सायलेन्सरची चंदेरी शाई कागदावर उठून दिसायची. इथे सगळं सपाट. मशीनवर काढलेली नक्कल. कोपऱ्यातला तिच्या कारखान्याचा उठावाचा शिक्काही नुसता छापलेला.

दात राहिला बाजूला. ती तडक गॅलरीत गेली.

"अशा किती काढल्या?"

"ताई, बसा तरी. मागणी होती हो," गॅलरीवाला म्हणाला. "आकडे मात्र बघून घेतले. ज्या प्रती पुन्हा विकायला येणार नाहीत, त्यांचेच. तुमची काय, घरातच राहणार."

ती ते चित्र जिवापाड जपणार, हे ओळखून त्याने डाव साधला होता. ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आणि सही कुणी ठोकली?"

"सही खरी आहे. काकांनाच विचारा."

काका म्हणजे चित्रकार. टाकीचा लाल जमेना म्हणून याच माणसाने तिच्याकडून अकरा वेळा रंग कालवून घेतला होता, आणि तिनेही कुरकुर केली नव्हती. आज ती त्यांच्या घरी जाऊन समोर बसली, तर त्यांनी तिच्याकडे मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

"माझंच चित्र आहे. मी कितीही काढीन."

"काढा ना. हजार काढा. पण शंभरच म्हणून सांगितलंत लोकांना. आणि शिक्का माझा होता, काका. मला विचारलंत?"

"छापणाऱ्याला काय विचारायचं?"

ती उठली. कारखान्यात आली, काकांच्या पुढच्या चित्रासाठी तयार केलेल्या छपाईच्या जाळीच्या चौकटी एकेक करून उभ्या केल्या आणि पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन काढल्या. दोन आठवड्यांचं काम मोरीतून वाहून गेलं. नवरा दारात उभा होता. "थोडी शांत हो," तो म्हणाला.

"का होऊ?"

ताईने सांगितल्यावर दातांच्या डॉक्टरने पोलिसांत तक्रार नोंदवली. हे चित्र घेणारे बरेचसे मोटरसायकल क्लबातले; तिथे बातमी फुटली, आणि रविवारी लोक आपापल्या प्रती काखोटीला मारून कारखान्यात आले. ताईने भिंग घेऊन एकेक तपासली. एकेचाळीसांपैकी सतरा खोट्या निघाल्या. गॅलरीला कुलूप लागलं. काकांचे फोन येत राहिले, तिने एकही उचलला नाही. तिच्याकडची कामं मात्र निम्म्यावर आली. भांडखोर बाईकडे कशाला जा, असं इतर चित्रकार म्हणू लागले.

सगळ्यांत शेवटी एक म्हातारा आला, लंगडत. तरुणपणी शर्यतीत पाय मोडून घेतलेला. त्याचीही प्रत खोटी होती.

"ही इथेच ठेवून जा, पुराव्याला," ताई म्हणाली.

त्याने चित्र परत गुंडाळलं. "असू दे. वळण बरोबर घेतलंय या स्वाराने."

"अहो, फसवलंय तुम्हाला."

"कळलं मला," तो म्हणाला आणि जिना उतरू लागला.

ताईला त्याचाही राग आला. ती कितीतरी वेळ नळाखाली हात चोळत राहिली. हाताला शाई नव्हतीच.