वाटेतलं मीठ

जर्मनीला निघाले त्या दिवसाचं म्हटलं की मला आधी विमानतळाच्या वाटेवरचा मानकोलीचा नाका आठवतो. विमान दुपारचं, आणि आमची जीप ट्रकांच्या मधोमध अशी अडकलेली की दार उघडायलाही जागा नाही. आई सुकटीची पिशवी मांडीवर घट्ट धरून बसलेली, धाकटा भाऊ रुपेश ड्रायव्हरवर खेकसत होता, आणि मी मनातल्या मनात सगळ्यांवर चिडले होते. बाबा खिडकीतून बाहेर उतरले, रस्त्यात उभे राहिले आणि हातवारे करत ओरडू लागले, "ओ भाई, थोडा पीछे लो! लडकी को परदेस जाना है!" अर्ध्या तासात वाट झाली. मला तेव्हा त्यांची लाजच वाटली होती.

याला बारा वर्षं झाली. तुम्ही गावात राहिलेले आणि माझ्यासारखे निघून गेलेले, दोघांनाही सांगते, "तिकडे नक्की करतेस काय?" या प्रश्नाने मी मेटाकुटीला आलेय. गावात सगळ्यांना वाटतं, मी रात्रभर दुर्बिणीला डोळा लावून बसते. छे! सकाळी नऊला ट्रामने ऑफिसात जाते, मशीनमधली बेचव कॉफी पिते आणि दिवसभर पडद्यावर रेघा बघते. ताऱ्याचा प्रकाश फोडून पसरला की त्यात काळ्या रेघा दिसतात. कुठली रेघ कुठे आणि किती जाड, यावरून तारा कशाकशाचा बनलाय ते कळतं. मी बघते ते म्हातारे, दाटीवाटीचे तारकापुंज. एकाच पुंजात ताऱ्यांच्या दोन पिढ्या असतात आणि धाकट्या पिढीत सोडियम जास्त सापडतं. ते किती जास्त आणि का, एवढंच माझं काम.

एकदा हे सगळं बाबांना फोनवर समजावलं. सोडियम म्हणजे मिठात असतं तेच, असंही सांगून बसले. बाबांचं आयुष्य खारबावच्या पुढे खाडीकाठच्या मिठागरात राबण्यात गेलेलं. ते म्हणाले, "मंग मीठच बगायचं व्हतं, तं इथं काय कमी हाय?" रुपेशने ते ऐकलं, आणि तेव्हापासून गावात मी 'मीठवाली मॅडम'.

त्या मिठानं माझं पहिलं वर्ष मात्र खरोखर खाल्लं. मोजावा तो तारा खारट, दोन्ही पिढ्या सारख्याच. आमच्या मार्गदर्शक बाईंनी एका नजरेत चूक दाखवली. तारा आणि आपण यांच्यामध्ये जो विरळ वायू पसरलेला असतो, त्यातही सोडियम असतं आणि ते त्याच रेघांत मिसळतं. म्हणजे मी वाटेतलं मीठ ताऱ्याचं म्हणून मोजत होते! मग दुसऱ्या, फिकट रेघा शोधून सगळं पुन्हा पहिल्यापासून. 

गेल्या वर्षी रुपेशचा मेसेज आला. गोदामं बांधणारे आपलं घर आणि मागचं भाताचं खाचर विकत मागतायत, आईबाबांसाठी जवळच काल्हेरला फ्लॅट बघितलाय, वकिलाला तुझी संमती हवी, सही करून पाठव. माझं डोकंच फिरलं. अकरा वर्षांत ज्या घरात मी पाच वेळा राहिले, तेही पंधरा-पंधरा दिवस, त्या घरासाठी मी जर्मनीत बसून भांडायला लागले. घर माझंही आहे, असं घरच्या ग्रुपवर लिहिलं. मग दूतावासाचा फॉर्म चुकला, अपॉइंटमेंट हुकली, प्रिंटर बिघडला. खरं म्हणजे काहीच बिघडलं नव्हतं. रुपेश वैतागला. "ताय, तू ऱ्हानार हायस का हितं?" मी उत्तर दिलं, प्रश्न तो नाहीच मुळी. प्रश्न तोच होता.

चार महिन्यांनी बाबांनी स्वतः व्हिडिओ कॉल लावला. फोन नीट धरता येत नाही, त्यामुळे नुसतं कपाळ दिसत होतं.

"पोरी, खाचरात खारं पानी शिरतंय, भात व्हत न्हाय. तुझ्या आईला गुडघ्यानं उठवत न्हाय. माझं पाय मिठानं फाटलं ते अजून भरलं न्हाईत. तुला फोटोत बरं दिसतंय सगलं. तू गेलीस तवा मी आडवा आलो का? मंग मी निघालो, तं तू का आडवी येतेस?"

मला आधी रागच आला, खोटं कशाला सांगू? मग शरम वाटली. आमच्यामध्ये अकरा वर्षं पसरली होती, आणि त्या अकरा वर्षांतली माझी हुरहूर मी त्या घराची माया म्हणून मोजत बसले होते. बाबांना काय हवंय, हे एकदाही विचारलं नव्हतं. तीच चूक, दुसऱ्यांदा, आणि या वेळी दाखवायला बाई नव्हत्या. दोन दिवसांत सही पाठवली.

आता बाबा काल्हेरला सातव्या मजल्यावर राहतात आणि रोज मला फोन करून कटकट करतात. शेजारी दारं लावून घेतात. लिफ्टमध्ये कुणी कुणाशी बोलत नाही. वॉचमन त्यांच्याच गेटवर त्यांना विचारतो, "चाचा, किधर जाना है?" मीही माझी कटकट सांगते, रविवारी झाडू मारला तरी खालची म्हातारी तक्रार करते म्हणून. गावचं घर गेलं, काल्हेरच्या फ्लॅटची किल्ली माझ्याकडे नाही. ज्याच्यापाशी मनसोक्त वैतागता येतं, तो माणूस म्हणजे माझं आताचं घर.

परवा त्यांनी विचारलं, "तुला तितं सवय व्हायला किती दिस लागलं गं?"

बारा वर्षं मी सगळ्यांना सांगत आलेय, लगेच झाली. या वेळी तोंडातून निघून गेलं, "अजून न्हाय झाली, बाबा."



"मंग आदी का न्हाय बोललीस? मला वाटलं, मला एकट्यालाच जमंना."