सुधाअक्काची दुपार

सुधाअक्का गेल्याचा फोन आला, तेव्हा मी कडगंचीहून गुलबर्ग्याला तिच्याकडेच निघाले होते, बसमध्ये होते. त्याला महिना झाला. मला आधी रडू आलं नाही, हलकं वाटलं. तिचं दुखणं संपलं होतं... आणि तिला हवं होतं तसंच, घरी, आईच्या शेजारी.

माझी ही मावसबहीण हैदराबादेत ऑपरेशन्स रिसर्च अॅनालिस्ट होती. दवाखान्यांत रांगा कुठे तुंबतात, कुणाला कधी बोलावलं तर सगळ्यांचंच थांबणं कमी होईल, हे ती गणितानं शोधायची. नातेवाइकांना त्यातला 'दवाखाना' तेवढा कळला होता. लग्नाकार्यात बायका तिला बीपीच्या गोळ्या दाखवायच्या.

आजारी होऊन ती घरी आली आणि रांग तिच्याच दारात लागली. आमच्याकडे आजाऱ्याला बघायला सगळे रविवारी येतात, जीप भरून. मावशी चहाच करत राहायची, लेकीजवळ बसणं व्हायचंच नाही. दिवस थोडे उरलेत हे अक्काला ठाऊक होतं. ती मला म्हणाली, "येऊ नका म्हटलं तर रुसतील. ज्याला त्याला वेगळा दिवस दे, म्हणजे मान दिल्यासारखं होतंय. दुपार मात्र आईची." फोन मी करायचे होते... ओळखीच्यांचेही फोन टाळणारी मी.

करजगीचे मामा भडकलेच. "पेशंटला बघायला टाइमटेबल लावायलीस? हे काय बसस्टँड हाय का?"

अक्कानं फोन घेतला. "मामा, गर्दीत तुमच्यासंगं बोलणंच होईना. मंगळवारी सकाळी एकटे या की."

"एकटा कामून?"

"मामीच्या चहाड्या सांगायच्या न्हाईत का?"

मामा हसले. "त्याला एक मंगळवार पुरतोय व्हय?"

मग सगळे वेळेवर येऊ लागले. एका दुपारी मी दारातून पाहिलं, मायलेकी कुठल्याशा जुन्या साडीवरून भांडत होत्या, कन्नडमध्ये सुरुवात, मराठीत शेवट. मी आत गेले नाही.

मातीच्या दिवशी गर्दी झालीच. पण मामांनी दारात खुर्ची टाकली आणि लोकांना थोडे थोडे करून आत सोडलं. कुणी रुसलं नाही. आता मावशीकडे यायचं असलं की मामासुद्धा आधी मला फोन करतात, "कवा येऊ?"

मी लगेच उचलते. "दुपार सोडून कधीही."

दुपारी मावशी अक्काच्या खाटेवर आडवी होते. परवापासून तिला झोप लागू लागली आहे.