शिंकणारी शेड

बोंगची या नावाचा अर्थ 'झालीच आहे तर पोसा'. पाचवीही मुलगीच झाली म्हणून वैतागलेल्या बापाने ठेवलेलं हे नाव तिने एकाहत्तर वर्षं बिनतक्रार वागवलं, आणि जन्मभर दुसऱ्यांची पिल्लं जगवली. युनलिन जिल्ह्यातल्या गावांत कोंबडीची पिल्लं आठवड्याची झाली की बोंगची मावशी तीन सोबतिणींना घेऊन दोन स्कूटरींवरून हजर. डाव्या हातात पिल्लू, उजव्या हातात निळ्या लसीची बाटली, डोळ्यात एकच थेंब. पिल्लाने डोळा मिचकावल्याशिवाय ती त्याला खाली सोडत नसे. मधूनच एखाद्याची चोच उघडून बघायची. जीभ निळी दिसली, म्हणजे थेंब नाकातून घशापर्यंत पोचला.

त्यातल्याच एका गावच्या तिंग-आनने वडिलांमागे पोल्ट्री हातात घेतली, तेव्हा त्याला हा प्रकार फार संथ वाटायला लागला. खरं तर मावशीचे हातही हल्ली थरथरायचे.

"मावशी, या खेपेला एक शेड तू कर," तो म्हणाला. "दुसरीत मी पिण्याच्या पाण्यातून लस देतो. माझी पिल्लं तितकीच धडधाकट निघाली, तर पुढच्या वेळेपासून तुला त्रास नको."

'त्रास नको' हे शब्द मावशीला चांगलेच झोंबले. घरी बसून टीव्ही बघणं तिला आजारपणासारखं वाटायचं. तरी आपली शेड तिने एकेक पिल्लू धरून पुरी केली.

चौथ्या दिवशी पहाटेच तिंग-आनचा फोन आला. "तुझी शेड शिंकतेय. माझ्या शेडमध्ये एक आवाज नाही. मी औषध आणायला निघालोय."

"मी येईपर्यंत कुठे जाऊ नकोस," मावशी म्हणाली. पण वाटेत तिने स्कूटर नेहमीपेक्षा जोरात हाकली. उत्तरेचा वारा सुटला होता, दोन गावं पलीकडे कोंबड्यांच्या घशाची खरी साथ आली होती. आपलाच हात चुकला असला तर?

आपण लस दिलेल्या शेडच्या दारात उभी राहून तिने शिट्टी वाजवली. बाईमाणसाने शिट्टी वाजवू नये, असं तिची सासू मरेपर्यंत सांगत होती. पण शिट्टी ऐकली की हजारो पिल्लं क्षणभर चिडीचूप होतात, आणि त्या क्षणात त्यांचा श्वास ऐकू येतो. त्सिक्. इकडे त्सिक्, तिकडे त्सिक्. तिने दोन-चार पिल्लं उचलून पाहिली. डोळे स्वच्छ होते आणि खाद्याची भांडी चाटून पुसून साफ होती. मावशीचा जीव भांड्यात पडला.

मग तिने दुसऱ्या शेडमध्ये शिट्टी वाजवली. तिथे खरंच एकही शिंक नव्हती.

"बघितलंस?" तिंग-आन म्हणाला.

"बघितलं. माझ्या पिल्लांना लस लागलीये. डोळ्याच्या मागे त्यांची चौकी असते, जनावरांच्या डॉक्टरांनीच मला दाखवलीये. लसीतला अर्धमेला चोर आत सोडला की तिथले पहारेकरी त्याचं तोंड ओळखून ठेवतात. त्या झटापटीत दोन-चार दिवस शिंका येतात, मग थांबतात. तुझ्याकडे चोर पोचलाच नाही, ते ओळखणार कुणाला?"

"असं कसं? सगळं पाणी प्यायलीत ती."

"कुठलं पाणी?"

"नळाचं. एकदम स्वच्छ."

मावशीने ओसरीकडे पाहिलं. तिथे तिंग-आनची लाडकी माशांची टाकी होती आणि शेजारी पाण्याची उघडी बादली. "ही बादली कशाला ठेवलीयेस?"

"माशांना. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. दोन दिवस उघडं ठेवलं नाही, तर मासे..." तो मध्येच थांबला आणि त्याचे कान लाल झाले. जे पाणी माशांना सोसत नाही, त्यात त्याने जिवंत लस कालवली होती. ती पिल्लांच्या चोचीत जाण्याआधीच मेली होती.

"माशांचं नशीब थोर," मावशी एवढंच म्हणाली आणि तिने सोबतिणींना फोन लावला.

नवी लस आली आणि त्याच दिवशी दुसरी शेड पुरी झाली. तिंग-आन स्वतः पिल्लं धरायला बसला होता. "मिचकावू दे आधी," मावशीने त्याला दहादा तरी दटावलं. "तुला कुठली गाडी पकडायचीये?"

पुढचे तीन दिवस मावशीने घरात कुणाला धड उत्तर दिलं नाही. चौथ्या सकाळी ती रताळं घातलेली पेज खात होती, तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे कुणी बोलेना. नुसती एक फुसकी शिट्टी आली, मग शांतता, आणि त्या शांततेत बारीकसं त्सिक्. पुन्हा त्सिक्.

"मावशी, ऐकलंस? शिंकताहेत." तिंग-आनचा आवाज घरात बाळ झाल्यासारखा होता.

"ऐकलं. शिट्टी मात्र तुझ्या वडिलांसारखी जमत नाही तुला."

"पुढच्या पिल्लांच्या दोन्ही शेड तूच कर. मला नुसतं धरायला ठेव."

मावशीला इतका आनंद झाला की चमचा तिने वाडग्यात तसाच सोडला. पण आवाजात तिने तो येऊ दिला नाही.

"बघू," ती म्हणाली. "हात जरा घाईचा आहे तुझा."