वेंडलच्या शर्टावरची अक्षरं

आयोवातल्या सीडर फोर्क गावात लॉर्ना ड्वोराक एकतीस वर्षं टी-शर्ट छापत होती. गावचं मेरिडन कॉलेज बंद पडलं, तरी त्याच्या नावाचे शर्ट खपत राहिले. गिऱ्हाइकाला मात्र ते नवेकोरे नको असत. अक्षरं कॉलेजचीच, इंग्रजीत MERIDEN, जाड, ठोकळेबाज. पण विटलेली, भेगाळलेली, बापाच्या कपाटातून काढल्यासारखी.

जुन्या धावपटूंच्या मेळाव्यासाठी साठ शर्ट सांगायला लायल हृस्का आला. नमुना बघून त्याने नाक मुरडलं.

"दोन्ही 'ई'ना एकाच जागी ओरखडा? खरं कापड असं झिजतं होय?"

"शर्ट घ्यायला आलायस की मास्तरकी करायला?" लॉर्ना म्हणाली. पण बोल लागला.

घरी वेंडलचा शर्ट होता. वेंडल तिचा थोरला भाऊ, लायलच्याच संघात धावायचा. त्रेचाळीस वर्षांपूर्वी नदीच्या पुरात गेला. काठावर शर्ट सापडला, तो नाही. शर्ट तेव्हा नवाकोरा होता. आई दर सोमवारी तो धुवायची, इस्त्री करून त्याच्या पलंगावर ठेवायची. तिचे डोळे मिटेपर्यंत, सव्वीस वर्षं. अक्षरांवरची एकूण एक भेग त्या धुण्याची होती.

लॉर्नाने शर्टाचे फोटो काढले, भेगांसकट एकेक अक्षर उतरवून घेतलं आणि साठ शर्ट छापले.

मेळाव्याला ती मैदानावर गेली. साठी ओलांडलेली, पोटं सुटलेली माणसं उन्हात बसली होती. पहिल्या 'ई'मधून गेलेली तिरपी भेग प्रत्येकाच्या छातीवर होती. नजर वर न्यायचं तिला धाडस होईना. वेंडल आज चौसष्टचा असता. म्हातारपणी तो कसा दिसला असता, कोण सांगणार? यातला कुठलाही चेहरा त्याचा असू शकत होता.

लायल जवळ आला. "वेंडलचा आहे ना गं हा?"

"कशावरून ओळखलंस?"

"शर्टावरून नाही. तुझ्याकडे बघून. काढायला सांगू सगळ्यांना?"

"नको. राहू दे."

दुसऱ्या दिवशी तिने छपाईच्या जाळीवरची ती अक्षरं धुऊन टाकली. पुढे कुणी तसलीच मागितली, तर तिने सरळ नाही म्हटलं. पण साठ शर्ट गावात फिरतच राहिले. किराणा दुकानात त्यातला एखादा शर्ट समोर आला, की ती आधी त्या माणसाचा चेहरा नीट बघून घेते, मगच दूध उचलते.