टाचेवरचा चिकाचा डाग

"अहो, हा डाग पुढे सरकलाय! उठा, चपला घाला!" बायको अशी ओरडली, की सांडोरच्या बागेतले बगळे उडाले ते थेट अर्नाळ्याला जाऊन बसले असतील. माझी उजवी टाच तिच्या मांडीवर होती आणि तिच्या हातात डाग पुसायचा रॉकेलचा बोळा.

आम्हा केळीवाल्यांच्या अंगावर केळीच्या चिकाचे काळे डाग असायचेच. सदरा फाटतो, डाग जात नाही. माझे आजोबा चितेवर जळाले, पण त्यांच्या हातावरचे चिकाचे डाग मागे राहिले, असं मी शपथेवर सांगत आलोय. त्यामुळे टाचेवरचा काळा ठिपकाही चिकाचाच, हे मी अख्ख्या गावाला पटवलं होतं. पण चीक काही वाढत नाही. आणि त्या दिवशी बोळ्याला रक्त लागलं.

वसईतल्या चामडीच्या डॉक्टरीणबाईंनी टाचेला भिंग लावलं. "कधीपासून आहे?"

"जन्मखूण ती! सुईण बघून पळाली होती."

"जन्मापासूनचं असेल तर..." बाईंनी भिंग खाली ठेवलं.

"थापा मारतात हे!" बायको म्हणाली. "दोन वर्षांमागे तुरीच्या दाण्याएवढं होतं. आता माझा अंगठा पुरत नाही झाकायला."

भिंग परत वर आलं. बाईंनी पट्टी लावून डाग मोजला आणि तुकडा काढून तपासायला हवा म्हणाल्या. मी एकही थाप न मारता मान डोलावली, आणि हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच घडलं.

तुकडा तपासायला गेला. मेलानोमा निघाला. त्वचेचा कॅन्सर, तोही तळव्यावर, क्वचित कोणाला होणारा. मुंबईच्या सर्जनांनी टाचेचं मांस आजूबाजूच्या चांगल्या कातडीसकट काढलं, मांडीची कातडी आणून तिथे शिवली आणि कॅन्सर पसरला तर आधी जिथे पोचतो, ती जांघेतली एक गाठ तपासायला पाठवली. "गाठीत उतरला असेल, तर पुढचं कठीण आहे," म्हणाले.

रिपोर्ट येईपर्यंत भेटायला येणाऱ्यांना मी सांगायचो, की माझ्या टाचेसाठी सर्जनांनी आमच्याच बागेतला कोयता मागवला होता. कोणी हसत नसे. बायको चहा ठेवायला आत जायची आणि बाहेर यायची नाही.

"गाठ स्वच्छ आहे," सर्जन म्हणाले.

"म्हणजे सुटलो! डॉक्टर, शंभरीच्या जेवणाला तुम्हीच पहिल्या पंगतीला!"

त्यांनी कागदाची घडी घातली. "हा परत उगवू शकतो. दर तीन महिन्यांनी दाखवायला यायचं."

"किती वर्षं?" बायकोने विचारलं.

"येत राहा."