मोरोपंतांच्या डोळ्यातलं मेण

त्या मे महिन्यात अकोल्यात एकच कुजबुज होती. मोरोपंत वकील रडले.

आता मोरोपंतांना जाऊन वर्ष उलटलं होतं. रडले ते वाचनालयाच्या हॉलमध्ये, भिंतीवरच्या तसबिरीत. डाव्या डोळ्यातून काळी धार निघाली, गालावरून उतरली आणि मिशीत जिरली. जिवंतपणी या माणसाच्या डोळ्यात कोणी पाणी पाहिलं नव्हतं. अशिलांच्या डोळ्यात मात्र भरपूर पाहिलं होतं. मग मेल्यावर हा गृहस्थ रडला कशापायी? ताजनापेठेत म्हणत, पोरांनी वर्षाच्या आत वाटण्या केल्या म्हणून. जठारपेठेत म्हणत, एक बाई होती, ती परवा वारली. बाईचं नाव कोणी सांगत नसे, आणि सांगत नसल्यामुळेच ती गोष्ट जास्त चालली.

तसबीर केली होती अमरावतीच्या वामनराव मास्तरांनी. चित्रकलेचे मास्तर म्हणून शाळेतून निवृत्त झालेला हा माणूस तेलरंगाला हात लावत नसे. त्यांचा सगळा खेळ मधमाशीच्या मेणाचा. तरुणपणी कुठल्याशा मासिकात त्यांनी मिसर देशातली चित्रं पाहिली होती. मढ्याच्या पेटीवर मेलेल्याचा चेहरा, मेणात रंग कालवून काढलेला, आणि दोन हजार वर्षांनी डोळे अजून ओले वाटावेत असा ताजा. तेव्हापासून मास्तरांच्या डोक्यात मेण शिरलं ते शिरलंच.

घरामागच्या पडवीत शेगडी. शेगडीवर तवा, तव्यावर वाट्या, वाटीवाटीत मेण आणि मेणाला कडक करायला थोडी राळ. एकीत गेरू, एकीत पिवडी, एकीत काजळ. कुंचला वाटीतून फळीपर्यंत नेईस्तोवर रंग थिजू पाहतो, म्हणून हात चालला पाहिजे. थर बसला की तापवलेली लोखंडी पट्टी वरून हलकेच फिरवायची, म्हणजे वरचा थर खालच्यात मुरतो. ही पट्टी म्हणजे मूळची विमलताईंची, म्हणजे मास्तरांच्या बायकोची, उलथनी. सासरी आल्यापासून त्या माउलीनं किती उलथन्या घेतल्या आणि किती पडवीत गेल्या, ते अंबादेवीलाच ठाऊक.

"लोकाइच्या घरी नवरा बाहेर लफडी करते," विमलताई शेजारणीला सांगत, "आमच्या घरी मेणासंगं करते. बरं हाय, नजरेसमोर तं हाय."

पण या धंद्यात हातापेक्षा मोठं होतं नाक. मेण बरोबर तापलं की मधाचा गोड वास सुटतो. जास्त तापलं की तो कडू होतो, आणि असला रंग पुढं पिवळा पडतो. मास्तर पाठमोरे बसून सांगत, तिसरी वाटी उतरवा. आणि हे नाकच करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेलं. ताप उतरला, खोकला गेला, वास काही परत आला नाही.

ही गोष्ट मास्तरांनी घरात सांगितली नाही. सांगितली असती तर विमलताईंनी ओवा, कापूर, कांदा, जे सापडेल ते नाकाला लावलं असतं आणि तिसऱ्या दिवशी राजकमल चौकापर्यंत बातमी गेली असती की मेणवाल्या मास्तरचं नाक मेलं. मग चित्र कोण मागणार? म्हणून मास्तर जेवायला बसले की पहिल्या वाफेलाच "वा!" म्हणू लागले. भाजी करपली असली तरी वा. विमलताईंना वाटलं, म्हातारपणी का होईना, माणूस सुधारला.

एकालाच सांगितलं. देवमनला.

देवमन शेंदूरजनाघाटचा संत्र्याचा बागाईतदार, मास्तरांचा वसतिगृहातला मित्र. एकाच ताटात जेवलेले, एकमेकांचे सदरे घातलेले. देवमनच्या बागेत मधमाश्यांच्या पेट्या होत्या. मध तो विके. जुनी पोळी उकळून, फडक्यातून गाळून मेणाची ढेप मात्र दरसाल अमरावतीला मास्तरांकडे पोचती करी. पैशाचं नाव काढलं तर शिव्या घाले. एका बहारात मास्तर बागेत गेले असता देवमन म्हणाला, "पाह्य लेका, फुलाइचा वास कसा सुटून राहिला!" आणि मास्तरांच्या डोळ्यात टचकन पाणी आलं.

"देवमन, मले येतच नाही रे वास. कायचाच येत नाही."

देवमननं खांद्यावर हात ठेवला. "माह्यापाशी राहीन हे. घरात पारबतीलेबी सांगत नाही."

त्यानंतर मास्तर रंगाचा थेंब नखावर घेऊन ताप ओळखायला शिकले. मेण चोख आहे का, हे ओळखायची गरजच नव्हती. ढेप देवमनची होती.

मोरोपंतांची तसबीर त्यांनी त्या मे महिन्याच्या आधीच्या हिवाळ्यात केली. ढेप यंदा जरा निसरडी वाटली, ठिसूळही. फोन केला तर देवमन म्हणाला, "थंडी हाय बावा, मेणालेबी हुडहुडी भरते." मास्तर हसले. अनावरणाच्या दिवशी अकोल्याच्या हॉलमध्ये, जन्मात कधी भाषण न केलेला हा माणूस उभा राहिला आणि म्हणाला, "तुमच्या नातवाचा नातू या चित्रासमोर उभा राहील, तेव्हाही वकीलसाहेब असेच बघत असतील." टाळ्या पडल्या. आणि मे महिन्यात वकीलसाहेब वाहायला लागले.

ग्रंथपाल पंजाबरावांचा फोन आला तेव्हा त्यांच्या आवाजात आनंद मावत नव्हता. "गुरुजी, या लवकर! पेपर वाचाले मानूस येत नव्हता, आता चपला ठेवाले जागा नाही. एका बाईनं नारळ फोडला."

मास्तर बडनेऱ्याहून मूर्तिजापूरमार्गे अकोल्याला पोचले. ऊन असं की रस्त्याचं डांबर चपलेला धरत होतं. हॉलच्या पश्चिमेच्या खिडकीतून उन्हाचा पट्टा सरळ मोरोपंतांच्या तोंडावर पडला होता. समोर उदबत्त्या, हार. मास्तरांनी गर्दीतून वाट काढली, स्टुलावर चढले आणि वकीलसाहेबांच्या गालाला बोट लावलं. बोट रुतलं. लोण्यात रुतावं तसं.

त्याच भिंतीवर, त्याच उन्हात, शेजारी त्यांचंच दुसरं चित्र होतं: वाचनालयाला जागा देणाऱ्या सुंदराबाईंचं. अकोल्याचे चार उन्हाळे त्या बाईनं काढले होते. मास्तरांनी तिच्या पदरावर नख दाबलं. नख उमटलं नाही.

"काय वाटते गुरुजी, काहून रडले असतीन?" कोणी तरी विचारलं.

"बघून सांगतो," मास्तर म्हणाले, आणि मिळेल त्या गाडीनं परत फिरले.

घरी पडवीत ढेपेचा उरलेला तुकडा होता. त्यांनी तो फोडला, नाकाशी नेला. सवयीनं. मग विमलताईंना हाक मारली.

"हे जरा हुंगून सांगा. कसा वास येतो?"

विमलताईंनी हुंगलं. "लाइन गेल्यावर घरात येते तसा."

"म्हणजे?"

"म्हणजे मेणबत्तीचा वो. आणि थोडा हळदीचा." त्या थांबल्या. तुकड्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. "तुमाले नाही येत?"

मास्तरांनी नाही म्हणून मान हलवली. विमलताई खाली बसल्या.

"तरीच! परवा दूध उतू जाऊन जळलं, शेजारचे पळत आले, आणि तुमी शेगडीपाशी बसून मले विचारता, आज काय गोड केलं?" त्या हसल्या, मग हसता हसता रागावल्या. "कोनाले सांगतलं होतं?"

"देवमनला."

"मले नाही. देवमनभाऊले." विमलताई उठल्या आणि आत गेल्या. त्या दिवशी घरात ताट वाढलं गेलं, पण 'वा' म्हणायची सोय राहिली नाही.

तरी मास्तरांच्या मनानं देवमनची वकिली सोडली नाही. वरुडच्या गाडीत बसून ते स्वतःशी खटला चालवत होते. कोणी तरी देवमनला फसवलं असेल. गड्यानं ढेप बदलली असेल. पेट्यांवर रोग आला असेल, बिचारा लाजला असेल. मोर्शी येईस्तोवर त्यांनी देवमनला निर्दोष सोडलाही होता.

शेंदूरजन्याच्या घरी देवमन नव्हता, बागेत गेला होता. पार्बताबाई होत्या, देवमनची बायको. भोळी बाई. मास्तरांना पाहून हरखल्या, माठातलं पाणी दिलं.

"यंदा माश्या बऱ्या आहेत ना, वहिनी?"

"लय झ्याक! मागच्या साली तं इतकी पोळी निंगाली का इचारू नका. धोंड्याच्या महिन्यात आमी शुभमरावाले पोळ्याइचंच वान देल्लं ना." शुभमराव म्हणजे जावई, वर्षालीचा नवरा, धामणगावला असतो. "जवायाले जाळीचं वान देतेत ना वो, अनारसे, बत्तासे? हे म्हने, अनारसे तं सारेच देतेत. मधमाशीच्या पोळ्याइतकी जाळी कायले असते? मोठ्ठं तबक भरून देल्लं, वर्ख लावून. फोटो काढले साऱ्याइनं. व्याही म्हने, असा सासरा पाह्यला नाही."

त्यांनी मोबाइल आणून फोटो दाखवला. तबकात पिवळी, राजस पोळी रचलेली, मध्ये दिवा, मागं फेटा बांधलेला जावई. मास्तरांनी फोटो मोठा करून पाहिला. वर्षभराचं मेण होतं ते. एका मोरोपंतांचं काय, साऱ्या बार असोसिएशनचं झालं असतं.

"मग माझी ढेप?" त्यांनी विचारलं.

"ते तं तुमीच म्हनलं ना, भाऊजी," पार्बताबाई सरळ म्हणाल्या. "हे म्हने, वामनले आता वासच येत नाही, त्याले कोनतंबी मेन सारखंच. वामनच म्हनला म्हने, मेनबत्त्याइचं देल्लं तरी चालते. मंग मीच बसून वितळवल्या. पांढरं दिसत होतं तं यांनी हळद टाकाले लावली. बरी झाली ना ढेप?"

"बरी झाली," मास्तर म्हणाले. पाणी त्यांनी खाली ठेवलं.

"आणि ती पोळी? जावयांनी काय केलं त्यांचं?"

"काय करतीन! त्याइच्या फ्लॅटात मुंग्या झाल्या, मंग अळ्या पडल्या. फेकून देल्लं म्हने वर्षालीनं."

तेवढ्यात देवमन आला. ओसरीत मास्तरांना पाहून त्याचं तोंड फुललं, मग बायकोच्या हातातला मोबाइल पाहून उतरलं. पार्बताबाई चहा ठेवायला आत गेल्या.

"अकोल्याचं ऐकलं मी," देवमन म्हणाला. "लय नाव झालं ना तुहं. साऱ्या वऱ्हाडात तुह्याच चित्राची बात."

"देवमन, मेण नव्हतं तर नाही म्हणायचं होतंस. मी थांबलो असतो वर्षभर."

"तुले नाही कसा म्हनू, बावा?"

"आणि खोटं कसं दिलंस?"

देवमननं टोपी काढली, पुन्हा घातली. "पाह्य, जवाई हाय तो. परका मानूस. त्याच्यापुढं मान राखा लागते, नाही तं पोरीले आयकून घ्या लागते. तू काय, तू तं घरचा. घरच्याले आपन पोळीच्या बदल्यात भाकरीचा कोरकाबी वाढतो. तो काही म्हनते का?"

"घरच्याला आंधळं समजून वाढत नाहीत."

"मले का मालूम होतं ते वितळते म्हनून!"

"ते नाही रे," मास्तर म्हणाले. "वितळलं ते वितळलं. मला वास येत नाही, हे तुला एकट्याला सांगितलं होतं. तू त्याचाच उपयोग केलास."

चहा आला. मास्तरांनी तो प्यायला नाही, आणि वऱ्हाडात चहा न पिता उठणं म्हणजे काय, ते देवमनला समजावून सांगायची गरज नव्हती. फाटकापर्यंत तो मागं आला. "वामन, यंदाचं सारं मेन तुलेच आनून देतो. चोख!" मास्तर थांबले नाहीत. ते पुन्हा त्या घरी गेले नाहीत. ढेप आली ती त्यांनी दारातून परत पाठवली. तेव्हापासून ते मेण सेमाडोहहून मागवतात आणि आलं की आधी विमलताईंच्या नाकाखाली धरतात.

पुढच्या आठवड्यात मास्तर विमलताईंना घेऊन अकोल्याला गेले. पंजाबरावांनी दारातच गाठलं. "गुरुजी, तुमाले हात जोडतो, काही बोलू नका. कोनाचं नुकसान हाय का? वकीलसाहेब रडून राह्यले, लोकं येऊन राह्यले, वाचनालयाले नवी कपाटं मिळून राह्यली. चमत्कार म्हना, नाही तं नुसते हसा!"

मोह लहान नव्हता. गप्प बसले असते तर मास्तर चमत्काराचे चित्रकार ठरले असते. बोलले तर नाक गेलेले, मित्रानं फसवलेले, शब्द खोटा पडलेले मास्तर. विमलताई हळूच म्हणाल्या, "तुमी काही बी बोला. पन आता जे बोलान ते माह्यासमोर बोला."

मास्तर हॉलमध्ये उभे राहिले आणि सगळं बोलले. नाकाचं, ढेपेचं, हळदीचं. देवमनचं नाव घेताना आवाज फुटला, तरी घेतलं. मग स्टुलावर चढून त्यांनी तसबीर उतरवली आणि काखेत मारली. तिच्यावरचं सगळं खरवडून फळीवर नवं चित्र करून देतो म्हणाले, आणि पुढच्या हिवाळ्यात करून दिलंही.

विश्वास कोणी ठेवला नाही. ताजनापेठेतले म्हणाले, वकिलाच्या पोरांनी पैसे चारून मास्तरला हे बोलायला लावलं. जठारपेठेत त्या बाईला आता नावही मिळालं आहे.

खरं ते असं. मोरोपंत रडले नव्हते. देवमननं मधमाशीचं मेण जावयाला दिलं आणि मास्तरांना वितळवलेल्या मेणबत्त्या दिल्या. अकोल्याच्या उन्हात त्या वितळल्या.