उंच आवाज झिजला

मागच्या वर्षी माझ्या रजिस्टरमध्ये अकरा रेकॉर्डांपुढे मी एकच शेरा लिहिला: 'उंच आवाज झिजला'. लाल शाईने, तारखेसह. माझं रजिस्टर तुम्हा दोघांना माहीत आहे. मागे सुट्टीत आला होतात तेव्हा त्यात चित्रं रंगवायला घेतली होती आणि त्या दिवशी आजी रागावते कशी हे तुम्हाला कळलं होतं. त्या अकरा शेऱ्यांमुळे पुढे काय झालं ते आज नीट लिहून काढते. फोनवर मी अर्धंच सांगितलं, आणि ही गोष्ट तुमच्यापैकी एकीची आहे.

आधी रेकॉर्डांबद्दल. हिंगोलीला जायचं तर जीप भरेपर्यंत थांबावं लागतं अशा गोरेगावात एका म्हातारीच्या कपाटात अमेरिकेतली पासष्ट-सत्तर वर्षांपूर्वीची गाणी आहेत, हे तुमच्या मित्रांना थाप वाटतं असं दादा म्हणाला. थाप नाही. माझे वडील सिकंदराबादला रेल्वेत होते. शेजारी एक अँग्लो-इंडियन कुटुंब होतं. ते ऑस्ट्रेलियाला निघाले तेव्हा रेकॉर्डांची पेटी जहाजात न्यायला जड, म्हणून आमच्याकडे ठेवून गेले. पोचलो की मागवून घेऊ म्हणाले होते. अजून मागवलेली नाही. मी तेव्हा कॉन्व्हेंटमध्ये नववीत होते. दिवसभर शाळेत सिस्टर्स आमच्याकडून शुद्ध इंग्रजी उच्चार घोटून घेत आणि संध्याकाळी ती पेटी त्यांची सगळी मेहनत वाया घालवी.

लग्न होऊन इकडे आले तेव्हा पेटीही आली. वजनावरून सासूबाईंना वाटलं, सुनेने पितळी भांडी आणली. उघडून पाहिल्यावर त्यांनी झाकण परत लावून टाकलं.

पुढे बहिणीकडे सिकंदराबादला गेले की मी एक सकाळ जुन्या बाजारासाठी राखून ठेवायची. फुटपाथवर पसरलेल्या भजनांच्या आणि कव्वालीच्या रेकॉर्डांखालून मला हवं ते निघायचं. आज माझ्याकडे दोनशे बारा आहेत. त्यातलं रॉक अँड रोल म्हणजे पियानो, गिटार आणि ड्रम यांची मनापासून चाललेली मारामारी. सकाळी जाळी-जळमटं काढताना ते लागतं, हात भराभर चालतात. पण माझा जीव आहे डू-वॉपवर. रस्त्याच्या कोपऱ्यावर उभी राहिलेली चार-पाच पोरं, वाद्यं घेण्याची ऐपत नाही, मग वाद्यांचं कामही गळ्यानेच करायचं. एकजण खाली खर्जात 'डुम डुम' करत राहतो. मधले दोघे-तिघे 'ऊ-वा, ऊ-वा' करतात. आणि या सगळ्यांच्या वर एकाचा बारीक आवाज, दोर सैल सोडलेल्या पतंगासारखा. नरसीच्या देवळात भजनाला बुवांच्या मागे टाळकरी ओळ उचलतात ना, तसंच आहे हे. फक्त इथल्या टाळकऱ्यांना शब्द दिलेले नाहीत.

रेकॉर्ड उभ्या ठेवायच्या, आडव्या कधीच नाहीत. मे महिन्यात आपल्याकडे आडव्या ठेवलेल्या रेकॉर्डचा पापड होतो. लाखेच्या जुन्या रेकॉर्डांना स्पिरिट लावायचं नाही, लाख विरघळते. मी त्या रिठ्याच्या पाण्याने पुसते, आजोबांच्या जुन्या धोतराच्या मऊ तुकड्याने, आणि ताटाळ्यात उभ्या करून सावलीत वाळवते.

तर मागच्या उन्हाळ्यानंतर दोन गोष्टी बरोबरच घडू लागल्या. एक म्हणजे रेकॉर्डांची खरखर कमी झाली. वर्षानुवर्षं चुरचुरणाऱ्या रेकॉर्ड लोण्यासारख्या वाजू लागल्या. मी हिरव्या शाईने शेरा लिहिला, 'रिठ्याचा गुण', आणि सिकंदराबादच्या बहिणीला फोन करून रिठे किती पाण्यात किती वेळ भिजवायचे तेही सांगितलं. दुसरी गोष्ट मात्र वाईट होती. एकेका रेकॉर्डमधला तो वरचा बारीक आवाज नाहीसा होत होता. खर्ज जागच्या जागी, मधले 'ऊ-वा' जागच्या जागी, आणि वर नुसतं मोकळं आकाश. आधी मी सुईवर संशय घेतला. हैदराबादहून नवी सुई मागवली, बसवली. काही फरक नाही. म्हणजे रेकॉर्डच झिजल्या. मग ते अकरा लाल शेरे, आणि त्या अकराजणी मी खालच्या फळीवर वेगळ्या काढल्या. त्या कपाटाकडे पाहायला मला आवडेनासं झालं.

याच काळात रविवारचा आपला व्हिडिओ फोनही बिघडत चालला होता, असं मला वाटत होतं. दादाचा आवाज गेल्या वर्षी फुटला आणि थेट आजोबांच्या पातळीवर जाऊन बसला. त्याचं क्रिकेट, त्याची परीक्षा, सगळं मला स्पष्ट कळायचं. धाकटी बोलू लागली की मात्र मला वाटायचं, ही पोर फार भराभर बोलते, तिकडच्या शाळेत गेल्यापासून शब्द खाते. दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारायला लाज वाटली. मग मी हसून म्हणायची, "वा वा, छान! बरं, दादाला दे."

तीन रविवार ती फोनवर आली नाही. चौथ्या रविवारी मी तुमच्या आईला विचारलं, "धाकटी कुठे आहे?"

"आई, ती येत नाही म्हणते."

"काहून? मी काय केलं?"

मराठवाड्यात इतकी वर्षं काढल्यावर चिडले की माझ्या तोंडूनही 'काहून' निघतं.

"ती म्हणते, आजीला फक्त दादाच आवडतो. तिची मैत्रीण शहर सोडून गेली, ते ती तुला रडत रडत सांगत होती. तू म्हणालीस, वा वा, छान."

मी उलट रागावले. तुमच्या फोनचा माइक बघा म्हणाले, तिला हळू बोलायला शिकवा म्हणाले. आणि फोन ठेवून दिला. पोरीने असा आरोप करावा, आणि तोही माझ्यावर! आम्ही चार बहिणी. घरात मुलालाच पहिलं ताट वाढतात ही गोष्ट मी जन्मभर भांडून मोडून काढली आहे.

त्याच आठवड्यात एका सकाळी मी लाल शेऱ्याची एक रेकॉर्ड लावून बसले होते, उगाच, जखमेवरची खपली काढावी तशी. स्वयंपाकघरात मावशी भाकरी थापत होती. तुम्ही तिला ओळखता, तांड्यावरून येते, तुम्हाला शेंगा भाजून द्यायची. तिचा आवाज जाड आहे आणि ती कामात नेहमी काही ना काही गुणगुणते. मी पाणी प्यायला आत गेले आणि दारातच थांबले. ती जे गुणगुणत होती, ते त्या रेकॉर्डमधलं वरच्या आवाजाचं वळण होतं. खालच्या पट्टीत, पण तेच. मी नववीत असल्यापासून मला ते पाठ आहे.

"हे तू कुठं ऐकलंस?"

"काय वो काकू?"

"आत्ता म्हणत होतीस ते."

"तुमीच लावून राहिल्या न्हाई का तिकडं? त्यो वरचा, बारीक आवाजाचा. लई येळचा वरडून राहिला बिचारा."

"त्याच्यात बारीक आवाज उरलेला नाही. झिजला तो."

"झिजला? मंग मी काय सपनात ऐकून राहिले?"

मी काम नेहमी पद्धतशीर करते. रेकॉर्ड पुन्हा सुरुवातीपासून लावली. मावशीला दारात उभं केलं. आजोबा शेतातून येऊन चहाची वाट बघत होते, त्यांनाही बसवलं. बारीक आवाज आला की हात वर करायचा, थांबला की खाली.

"या वयात मला शाळेत घालून राहिली का तू?" आजोबा म्हणाले.

"घातलं. आता बोलू नका."

रेकॉर्ड फिरू लागली. डुम डुम, डुम डुम. मग मावशीचा पिठाने भरलेला हात वर गेला आणि त्याच क्षणी आजोबांचाही. दोन्ही हात बराच वेळ वर राहिले. दोन्ही एकदमच खाली आले. मधल्या वेळात मला फक्त खर्ज ऐकू येत होता.

"अगं, पण माझं तर तुला सगळं ऐकू येतं," आजोबा म्हणाले. "पुटपुटलो तरी येतं."

"तुमचा आवाज म्हंजी इहिरीतून आल्यावानी," मावशी म्हणाली. "मेल्या माणसालाबी ऐकू जाईल."

आजोबा हसले, मावशी हसली. माझ्या डोळ्यांपुढे मात्र रेकॉर्ड नव्हती. पडद्यावर तोंड हलवणारी, नाक पुसणारी माझी नात होती, आणि मी तिला म्हणत होते, वा वा, छान.

हिंगोलीच्या कानाच्या डॉक्टरांनी मला काचेच्या खोलीत बसवलं, कानावर हेडफोन चढवले आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबा म्हणाले. मग त्यांनी एक आलेख दाखवला. रेघ डावीकडे, जाड आवाजांच्या बाजूला, शहाण्यासारखी सरळ चालत होती आणि उजवीकडे, बारीक आवाजांच्या बाजूला, सिद्धेश्वरच्या धरणाच्या भिंतीवरून उडी मारावी तशी खाली.

"आजी, पुरुषांचं बोलणं तुम्हाला बराबर कळत असेल," डॉक्टर म्हणाले. "बायकांचं आणि लेकरांचं निसटतं. फोनवर तर जास्तच."

"मला हे गाण्यांमुळे कळलं."

"गाण्यांमुळे? मग लवकर कळलं म्हणायचं. आमच्याकडे लोक सुनांशी पाच-पाच वर्षं भांडून मग येतात."

मला वाटायचं, बहिरं होणं म्हणजे सगळंच हळू ऐकू येणं. एखाद्याच उंचीचा आवाज गुपचूप निघून जातो आणि बाकी सगळं शाबूत राहतं, हे मला सत्तरी ओलांडल्यावर कळलं.

कानातलं यंत्र आलं. पहिला दिवस भयंकर गेला. प्लास्टिकच्या पिशव्या इतका आवाज करतात हे मी विसरलेच होते. माझ्याच चपला माझ्या मागे चालताहेत असं वाटायचं. संध्याकाळी त्या अकरातली पहिली रेकॉर्ड लावली आणि आधी परत आली ती खरखर, सगळीच्या सगळी, चुलीत ओली लाकडं घातल्यासारखी. रिठ्याचा गुण संपला. बहिणीला हे अजून कळवलेलं नाही. मग तो आला. खरं सांगते, पूर्वीसारखा नाही. पत्र्याच्या डब्यात बसून गावं तसा. पण आला, आणि ज्या वळणावर मी त्याची वाट बघत होते त्याच वळणावर आला.

रविवारी मी तुमच्या आईला म्हटलं, "धाकटीला इतकंच सांग की आजीने कानात यंत्र घातलंय, बघायला ये."

धाकटे, मला तुझी माफी मागायची आहे म्हणून बोलावलं असतं तर तू आली नसतीस. यंत्र बघायला आलीस. हाताची घडी, भुवया वर. मी यंत्र काढून दाखवलं, परत घातलं आणि म्हटलं, "बाळा, त्या दिवशी तू मैत्रिणीचं सांगत होतीस ना, त्यातला एक शब्दही मला ऐकू आला नव्हता. मला तसं सांगायला हवं होतं. मी उगाच हसले."

"खरंच नव्हतं ऐकू आलं?"

"खरंच."

"आणि आता येतं?"

"येतं."

तुझा विश्वास बसला नाही, आणि ते बरोबरच होतं. तू पाठ फिरवलीस, चार पावलं लांब गेलीस आणि भिंतीकडे तोंड करून काहीतरी कुजबुजलीस.

मी म्हटलं, "दादाने माझं लिंबाचं लोणचं कचऱ्यात टाकलं? कधी? बोलव त्याला इकडे."

तू गर्रकन वळलीस. इतकं मोठं हसू मी या फोनवर त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. दादा आला आणि आपल्या विहिरीतल्या आवाजात म्हणाला, "आजी, ती खोटं बोलते, बरणी उलटली होती." मागून तू त्याला जे ओरडलीस तेही मला अगदी स्पष्ट ऐकू आलं. ते इथे लिहीत नाही.

मग तू दादाला ढकलून खुर्ची ओढलीस आणि मैत्रिणीचं सगळं पहिल्यापासून सांगितलंस. मांजर तुम्ही दोघींनी मिळून पाळलं होतं आणि जाताना ती एकटीच घेऊन गेली, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. हा अन्याय आहे, असं मी त्या दिवशीही म्हणाले, आणि आजही माझं मत तेच आहे.